साडीत गुंडाळलेलं तिकीट

नव्या साडीच्या खळीचा वास आला की मी अजून घडीत हात घालून बघते.

शहापूरला आमच्या घरी हातमाग होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि काका यांनी कागलला जाऊन भागीदारीत लॉटरीचं तिकीट आणलं. पण ते ठेवायचं कुणाकडं? एकाचा दुसऱ्यावर भरवसा नव्हता. शेवटी, विणलेली साडी मागाच्या ज्या रुळावर गुंडाळली जाते, त्यावरच्या थरांत दोघांनी मिळून ते सरकवलं. साडी उतरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

मग मागाबरोबर स्वप्नंही चालू झाली. अण्णांच्या बंगल्यात काकांना खोली नव्हती, काकांच्या कारखान्यात अण्णांना खुर्ची नव्हती. आई मात्र दोघांच्याही स्वप्नात कोपऱ्यात बसून सुताच्या कांड्याच भरत होती.

सोडतीच्या सकाळी साडी उतरवून उलगडली. तिकीट नव्हतं.

"तूच काढलंस रं!" अण्णा ओरडले.

"व्हय? आन् मागाजवळ झोपत कोण हुतं, अण्णा?" काका उसळले.

खळीचा वास घरभर सुटला होता. दोघं एकमेकांकडं डोळे वटारून उभे. आईकडं कुणी बघितलंच नाही. तिनं चुलीतल्या कागदाच्या राखेवर जाळ पुढं सारला आणि शांतपणे विचारलं, "चा ठेवू न्हवं?"