वहीतलं पहिलं गाणं

"स्वल्प थांबा अक्का, आधी ऐकूया," असं म्हणून अण्णांनी दुकानातला पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, माझा मिक्सर सुरू केला आणि डोळे मिटून त्याच्याकडे कान केला. त्या मिक्सरपायी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती आणि हे गृहस्थ अंधारात मिक्सर ऐकत उभे! मिनिटभरानं त्यांनी डोळे उघडले. "मोटरचा कार्बन संपलाय. सरी, संध्याकाळी या." मिक्सर त्यांनी उघडलासुद्धा नव्हता. संध्याकाळी गेले तर खरोखरच कार्बन बदललेला होता आणि मिक्सर सुतासारखा सरळ झाला होता.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्या गल्लीत असतात, आपण त्यांचं नाव कधी विचारत नाही आणि ती गेल्यावरच आपल्याला ते आठवतं. मल्लेश्वरममधल्या एका आडव्या गल्लीत अण्णांचं दुकान होतं, एक खाट मावेल एवढं. मिक्सर, इस्त्री, रेडिओ, टेप, काय वाटेल ते दुरुस्त करत. घराणं चार पिढ्या बंगळूरचं. मराठी घरात बोलत, पण त्यात 'सरी' म्हणजे बरं, 'इल्ला' म्हणजे नाही, असं कन्नड कधी शिरलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही मला अक्का म्हणायचे. पुण्याहून आले तेव्हा त्याचा मला राग यायचा. पुढे त्याची इतकी सवय झाली की सुट्टीत पुण्याला गेल्यावर मला कुणी अक्का म्हणेना, तेच चुकल्यासारखं वाटायचं.

मिक्सर घ्यायला गेले त्या संध्याकाळी दुकानात एक कॅसेट वाजत होती. गिटारच्या ठेक्यावर एक बाई मराठीत गात होती. बसमध्ये छत्री विसरलेल्या माणसाबद्दलचं गाणं होतं, खट्याळ आणि मध्येच एकदम उदास करणारं. "कोण गातंय?" मी विचारलं. अण्णांनी काउंटरखालून एक लांबट वही काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तेविसावं गाणं. चौथी कॅसेट, दुसरी बाजू, तिसरा क्रमांक. शब्द, चाल आणि आवाज या तिन्ही रकान्यांत एकच शब्द होता: बाई.

बाई म्हणजे याच शहरातल्या एक गायिका. सिनेमात त्या कधी गायल्या नाहीत. स्वतः गाणी लिहायच्या, स्वतः चाल लावायच्या, कन्नडमध्ये आणि मराठीत. एके काळी त्यांच्या सात कॅसेटी निघाल्या, इथल्या गणपतीच्या मांडवांत त्या गाजल्या. मग कॅसेट काढणारी कंपनी बंद पडली, बाईंनी गाणं थांबवलं आणि बनशंकरीला बहिणीशेजारी घर घेऊन राहिल्या. अण्णा तरुणपणी मांडवात माईक लावायचे. "बाईंच्या उंचीला स्टँड मीच लावायचो," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की त्या स्टँडची उंची मलाही पाठ झाली.

इंटरनेटवर बाईंची गाणी भलत्याच नावांवर फिरत होती. एक तर चक्क 'पारंपरिक' म्हणून. अण्णा भडकले होते. "पारंपरिक? बाई जिवंत आहेत हो!" म्हणून त्यांनी ही वही घातली. बाईंनी ध्वनिमुद्रित केलेलं प्रत्येक गाणं तिच्यात यायचं होतं. नियम एकच. कुणी सांगितलं म्हणून लिहायचं नाही, कॅसेटच्या कागदावर छापलंय म्हणून लिहायचं नाही. पंखा बंद, दिवा बंद, स्वतःच्या कानानं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, मगच लिहायचं.

या नियमापायी त्यांनी काय काय केलं! सहावी कॅसेट एका कॉफी पावडरवाल्याकडे होती आणि तो ती हातची सोडेना. अण्णा तीन रविवार त्याच्या दुकानात जाऊन कॉफी दळायचं यंत्र फुकट नीट करत बसले, तेव्हा कुठे त्यानं ती दुपारभरासाठी दिली. एका आजीबाईंनी तर बाईंच्या गाण्यावर नातवाचे श्लोक भरून ठेवले होते. अण्णांनी सगळे श्लोक ऐकले, कारण शेवटी गाण्याचा तुकडा उरला होता. वहीत नोंद आहे: 'चाळीस सेकंद. पुढचं दुसऱ्या प्रतीवरून ऐकलं. नातवाचे उच्चार स्वच्छ.'

मी पडले कॉम्प्युटरवाली. म्हटलं, "अण्णा, एका रविवारात सगळी यादी करून नेटवर टाकते."

"इल्ला अक्का. पुरी झाल्याशिवाय नाही."

"एक्कावन्न गाणी झालीत की!"

अण्णांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक कॅसेट काढून माझ्यापुढे ठेवली. कव्हर नाही, नाव नाही. नवोदित गायकांची मिळून काढलेली जुनी कॅसेट होती ती. त्यातलं एक गाणं, ब्रेक नसलेल्या सायकलवरून उतारावर निघालेल्या मुलीचं, आपलं आहे असं बाईंचं म्हणणं होतं. एकोणीस वर्षांच्या असताना म्हटलेलं, अगदी पहिलं. अकरा वर्षांपूर्वी त्या स्वतः ही कॅसेट घेऊन दुकानात आल्या होत्या. अण्णांनी पंखा बंद केला, दिवा बंद केला, गाणं दोनदा ऐकलं आणि बाईंच्या तोंडावर सांगितलं, "बाई, आवाज तुमचा नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पर्स उचलली, गेल्या. कॅसेट इथेच राहिली. तेव्हापासून फोन उचलत नाहीत."

"अहो, ज्यांनी गायलंय त्या सांगतायत!"

"कान सांगत नव्हते, कसं लिहू?" ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. ज्या बाईसाठी वही घातली तीच बाई त्या वहीमुळे दुखावली होती, आणि वही खोटी करून तिला परत आणणं त्यांना जमत नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच.

त्यानंतर मी रविवारी दुकानात जायला लागले. एकेक कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घ्यायची, हे माझं काम. आमची सगळी टीम मारतहळ्ळीच्या मॉलमध्ये सिनेमे पाहायची आणि मी इथे अंधारात घाम पुसत कॅसेटी ऐकायची. सगळ्या झाल्यावर मी म्हटलं, "ती डब्यातलीही उतरवून ठेवूया. कुणाची का असेना."

त्या दिवशी दुकानात एका देवळाचा जुना ॲम्प्लिफायर दुरुस्त होऊन पडला होता. तासभर चालू ठेवून तापतो का ते बघायचं होतं, म्हणून अण्णांनी बाकी सगळं बंद केलं, तो तेवढा राहू दिला. स्पीकरमधून बारीक घरघर येत होती. मी कॅसेट लावली. गाणं सुरू व्हायच्या आधी टेपमधूनही तशीच घरघर आली.

"थांबवा!" अण्णा ओरडले. मी दचकून बटण दाबलं. "परत लावा."

पाच वेळा लावायला लावली, शेवटी गाण्यासकट; कुणी चिरकी पोरगी गातेय असंच वाटत होतं. मग म्हणाले, "अक्का, ही घरघर विजेची. सगळ्या गावात तिचा सूर एकच. चाळीस वर्षं ऐकतोय, तो बदलत नाही. या टेपमधली बघा, वर चढलीय." मला दोन्ही सारख्याच वाटत होत्या, पण मान हलवली. "प्रती काढताना कंपनीचं मशीन हळू चाललं असणार. म्हणून वाजताना पळतेय."

त्यांनी टेपचं झाकण उघडलं. मोटरच्या मागे एका भोकात वेग कमीजास्त करायचा स्क्रू असतो. बारीक स्क्रूड्रायव्हर आत घालून ते तो केसभर केसभर फिरवू लागले, एक कान ॲम्प्लिफायरकडे, एक टेपकडे. दोन्ही घरघरी एकमेकींत मिसळल्या, तेव्हा हात थांबला. मग गाणं सुरू झालं. मघाची चिरकी पोरगी कुठच्या कुठे गेली. ब्रेक नसलेल्या सायकलवर बाई बसल्या होत्या, कोवळ्या, पण शब्दाच्या शेवटी श्वास सोडायची तीच लकब. मलाही ओळखू आलं.

अण्णा स्टुलावर बसले. "मी सगळी मशिनं बंद करून ऐकत बसलो," ते म्हणाले. "एक जरी चालू असतं तरी कळलं असतं." त्यांचे डोळे भरून आले होते. मी उगाचच लॅपटॉपच्या वायरी गुंडाळत राहिले.

दुसऱ्याच दिवशी ते बनशंकरीला निघाले आणि मी सोबत गेले. माझ्या फोनवरून सांगू म्हटलं तर ऐकेनात. पुरावा ऐकवायचा होता, म्हणून तो टेप कापडात बांधून मेट्रोत घेतला. तपासणीवरच्या पोरीनं असली वस्तू जन्मात पाहिली नव्हती. "इदु येनु सार?" अण्णांनी ताठ मानेनं सांगितलं, "टेप रेकॉर्डर." तिनं आणखी एकाला बोलावलं, त्यानं वरिष्ठाला. वरिष्ठाच्या घरी लहानपणी तसाच होता म्हणून आम्ही सुटलो. सबंध प्रवासात टेप अण्णांच्या मांडीवर होता. बसायला जागा देणाऱ्या मुलाला ते म्हणाले, "मला नको, याला पाहिजे."

बाईंनी जाळीच्या दाराआडूनच विचारलं, "आता काय तपासायला आलात?"

"तपासून झालं, बाई. चूक माझी. गाणं तुमचंच."

त्यांनी कडी काढली. अण्णा आत शिरताच प्लग शोधायला लागले. "ऐकून बघा ना बाई, आता बरोबर लागतंय."

"मला काय ऐकवता?" बाई म्हणाल्या. "मी गायलेय ते."

अण्णांनी वायर परत गुंडाळली. बाईंनी कॉफी केली. आम्ही ती प्यायलो. निघताना बाईंनीच विचारलं, "वहीत कुठे लिहिणार?"

"पहिल्या जागी."

"तिथे दुसरं गाणं आहे. वर एक ओळ घाला की, झालं."

"इल्ला बाई. वही पहिल्यापासून लिहिणार."

परतताना मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की सगळे आकडे एकेक घर खाली सरकतात. "आकडे सरकतील," अण्णा म्हणाले. "पण एक चुकलं, तर बाकीची बरोबर कशावरून? परत ऐकायला पाहिजेत. सगळी." आणि त्यांनी नवी वही आणली. रोज जेवणानंतर एक गाणं. पंखा बंद, दिवा बंद, पण स्वतःचा एक मोडका ॲम्प्लिफायर मुद्दाम चालू. आधी घरघर जुळवायची, मग गाणं ऐकायचं, मग लिहायचं. पहिल्या ओळीत सायकलचं गाणं आलं.

त्या दिवसांत त्यांना धाप लागायला लागली होती. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं, जिने चढू नका म्हणाले. "दुकानाला जिना कुठाय?" असं म्हणून ते रोज दुकानात येत. मी रागावले, विनवलं, एकदा तर टेपची वायर पिशवीत घालून घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी दुसरी वायर जोडून अठ्ठाविसावं गाणं ऐकून टाकलं होतं. दोन गाण्यांच्या पहिल्या ओळी जुन्या वहीत चुकल्या होत्या, त्या त्यांना सापडल्या. एवढा आनंद! "बघा अक्का, मी म्हटलं नव्हतं?"

एका सोमवारी शटर उघडलं नाही. पहाटे झोपेतच गेले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीनं मला दुकानाची किल्ली दिली. महिनाअखेर जागा सोडायची होती. "तुमचं ते गाण्यांचं काय असेल ते घेऊन जा," ती म्हणाली. नव्या वहीत सेहेचाळीस गाणी लिहून झाली होती. सहा राहिली होती. मी बाईंना फोन करून कळवलं, कुणीतरी कळवायला हवं म्हणून. त्यांनी फक्त पत्ता विचारला. दुकान जुन्याच जागी आहे ना, म्हणाल्या.

शनिवारी सकाळी दहा वाजता त्या एकट्याच मेट्रोनं आल्या. अण्णांच्या स्टुलावर बसल्या. वही उघडून पहिलं पान वाचलं, पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ बोट तिथेच राहिलं.

"उरलेली सहा मी जुन्या वहीतून उतरवून घेते," मी म्हटलं. "दहा मिनिटांचं काम आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या आणि पंख्याचं बटण बंद केलं. ट्यूबलाइट बंद केली. मी उगाच बोलले असं मला वाटलं. अंधारात चाचपडत मी अण्णांचा तो मोडका ॲम्प्लिफायर लावला. घरघर सुरू झाली. स्क्रू फिरवायला मला वेळ लागला, पण बाई घाई करत नव्हत्या.

"जुळलं?" त्यांनी विचारलं.

"जुळलं."

"मग लावा," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून टेपकडे कान केला. मी सत्तेचाळिसावं गाणं लावलं.