मागावरचे इशारे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मेंढरं वळवायला ढेकळं फेकता फेकता माझा हात तयार झाला. सोलापुरात कॉलेजला सॉफ्टबॉल हाती आला तेव्हा तोच हात कामाला आला, आणि पुढे मी त्याच खेळाची कोच झाले. वडील अजून विचारतात, "चेंडू फेकायला शिकवायचा पगार देत्यात व्हय गं? मग आमी जल्मभर ढेकळं फुकटच फेकली की."

पण सांगायचंय ते एका कॅचरबद्दल. तिचे आईवडील अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे हातांनी बोलतात. दोन बोटं जुळवून फाकवली की सूत तुटलं, माग थांबव. समोरच्यानं तळवा डोक्यावर ठेवायचा, म्हणजे बघितलं. इशारा बघून उत्तर न देणं तिथं चालत नाही.

कॅचर बॅटरच्या मागे बसते आणि पिचरला गुपचूप सांगते, कुठला चेंडू टाकायचा. हिनं पुस्तकातले इशारे बाजूला सारले आणि पिचरला मागावरचे शिकवले. सूत तुटलं म्हणजे हळू चेंडू. समोरच्या टीमला काही कळायचं नाही. एकच खोड होती. कारखान्याच्या सवयीनं ती हात फार वर न्यायची.

"खाली ठेव की हात! सगळ्या गावाला दाखवतीस का?" मी ओरडायचे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ती तापानं गेली. आठवडासुद्धा लागला नाही.

मी इशारे बदलायला सांगितलं. मुलींनी माझ्यासमोर बदलले आणि पाठीमागं नव्या मुलींना जुनेच शिकवले. मग मीही बोलायचं सोडलं. आज टीममध्ये तिला पाहिलेली एकही मुलगी नाही, पण इशारे आहेत. कॅचरच्या तोंडावर मास्क असतो. चेहरा दिसत नाही, हात तेवढे दिसतात. आणि तो हात वर जातो. तो वर न्यायला कुणी शिकवलं? मी तर नाहीच.

परवा मॅचला तिची आई आली. मैदानाच्या पायरीवर येऊन बसली, केसांत अजून सुताचे तंतू होते. हिनं ते हात बघितले तर काय होईल हिचं? मी कॅचरला बोलावलं.

"आज पुस्तकातले इशारे दे."

"का मॅडम? ह्या टीमला आपले कळतात?"

"सांगितलं तेवढं कर. जा."

तिनं ऐकलं. शेवटच्या इनिंगपर्यंत निभावलं. मग दोन बेसवर समोरच्या मुली उभ्या, त्यांची सगळ्यात जोरकस बॅटर पुढं आली, आणि आमच्या पोरीला भान राहिलं नाही. हात वर आला, दोन बोटं फाकली. पिचरनं तळवा डोक्यावर ठेवला.

मी पायरीकडं बघितलं. आईचाही तळवा डोक्यावर होता.

मॅच संपल्यावर ती माझ्याकडं आली. माझी मान वर होईना.

"काकू, मी बजावलं होतं तिला..."

"कळलं की मला. म्हणून तर पोरीचे हात गप्प होते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "शिफ्ट सुटली की मी मैदानाच्या जाळीतनं बघत असते, मॅडम. आज म्हटलं आत बसून नीट बघावं, तर आजच बंद केलं तुमी."

मी हातातला चेंडू किटमध्ये टाकला.

"हात लई वर नेती ही," ती म्हणाली. "आमची पण न्यायची."

"व्हय."

"ओरडू नका हिला. लांबनं दिसाया पायजे की."

आता मी ओरडत नाही. कधीतरी समोरची टीम इशारे ओळखेल आणि एखादी मॅच जाईल, तर जाऊ दे. सरावाच्या वेळी जाळीपलीकडं एक तळवा डोक्यावर जातो, तो मला दिसतो.

फक्त एक जमत नाही. खेळ संपला की कॅचर मास्क काढते, तेव्हा मी किट भरायच्या निमित्तानं पाठ फिरवते. मास्कखालून आताच्याच पोरीचा चेहरा निघणार हे मला पक्कं माहीत असतं. तरीसुद्धा.