मिरज दिसलं की डिलीट

माझा भाऊ संभा मेला, त्याला आज वरीस झालं.

देवाची इच्छा, काळाचा घाला, असलं काय कमेंटमधी लिहू नका. त्यो मोबाईलमधल्या एका रूलनं मेला.

फौजेतनं रिटायर होऊन औंधात ऱ्हात व्हता. फुकटच्या कॅम्पात गुडघं दाखवलं, तितं ईमेल लिहून दिला.

झालं! रोज मिरजेच्या दवाखान्यांच्या जाहिराती. गुडघं बदला. केसं लावा. जोडीनं चेकअप करा.

वैतागला. फिल्टरचा रूल लावला. मेलात कुटंबी 'मिरज' दिसलं की न दाखवता डिलीट.

"आक्का, गेटवर संत्री उभा केलाय. मिरजेचं कुत्रंबी आत येत न्हाई आता."

"लय शाना हायस," मी म्हणलं.

मग गळ्याला गाठ आली. तुकडा काढून तपासाय दिला, मिरजेतच. रिपोर्ट मेलवर येईल, आला की या, म्हणाले.

मी पाटणातनं फोन करायची.

"रिपोर्ट आला का रं?"

"न्हाई. वाईट असतं तर बोंब मारली असती की त्यांनी."

"आरं मुडद्या, जाऊन इचार की!"

"ऊसतोडीची टोळी आलीया आक्का. ऊस तुटून कारखान्याला जाऊ दे, मग जातो."

ऊस गेला. तवर आवाज बसला, घास उतरंना. तवा मी आन त्याची पोरगी सोबत गेलो मिरजेला.

डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट तर तेव्हाच पाठवला. परतही पाठवला. तुम्ही आलाच नाहीत."

संभानं मोबाईल काढून पोरीच्या हातात दिला. त्याला तितंच कळलं.

तिनं मेल उघडला. कचरापेटी आपोआप रिकामी झालेली. जाहिरातींसंगं रिपोर्टबी गेलेला.

माझं डोस्कं डॉक्टरवर फिरलं. "आवं, एक फोन करता येत नव्हता? बटण दाबलं की तुमचं काम संपलं?"

संभानं माझा हात धरला. घोगऱ्या आवाजात म्हणला, "त्यांना बोलू नगंस. संत्र्यानं हुकूम पाळला. हुकूम माझाच व्हता."

पुढं बोलनंच बंद झालं. मग पाणीबी चमच्यानं.

तुमी कुणी असलं ब्लॉक करून ठेवलं आसंल तर आत्ता उघडून बघा. आणि रिपोर्ट आला न्हाई तर उठा, जाऊन आणा.

समदे म्हणत्यात, आता राग सोड.

न्हाई सोडत. मी थोरली. आदी मी जायचं व्हतं.

संभा, आक्काचा रामराम घे.