शाळा सुटल्यावरची लायब्ररी

सिडकोतल्या त्या शाळेत ग्रंथपाल रत्नमाला साळवे यांच्याबद्दल स्टाफरूममध्ये दोन मतं होती. एक, बाई शिष्ट आहेत, डबासुद्धा लायब्ररीत बसून खातात. दोन, शिक्षक कधी आजारी पडतात याची वाटच बघत असतात. आता खोटं कशाला बोला, दुसरं मत अगदीच चुकीचं नव्हतं. कुणी रजेवर गेलं की त्याचा वर्ग ऑफ, आणि ऑफ वर्ग लायब्ररीत न्यायला बाई सगळ्यांच्या आधी हजर. गणिताच्या सुरेखा मॅडमना नुसती शिंक आली तरी बाई मायेनं विचारायच्या, "उद्या घरीच आराम करताय ना?"

एकदा लायब्ररीत शिरलेली पोरं मात्र निघता निघायची नाहीत. "तुला काय आवडतं?" असला गुळमुळीत प्रश्न बाई कधी विचारत नसत. थेट चौकशी व्हायची, "काल कुणाशी भांडलीस?" पोरगी म्हणायची, भावाशी. की लगेच भावाची जिरवणाऱ्या बहिणीची गोष्ट तिच्या हातात. पुस्तक परत करताना पोरगी नवं भांडण घेऊनच यायची. बाई म्हणजे वाळूजच्या कंपनीत राबलेल्या मोतीरामची लेक. तिच्या लहानपणी शाळेतली पुस्तकं कुलपात आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात असायची. काचेतून नुसती नावं वाचून मोठी झालेली. नोकरी लागली त्या दिवशी तिनं कपाटांची कुलपं काढली, ती पुन्हा कधी लागली नाहीत.

मग जूनमध्ये इंद्रजीत सर मुख्याध्यापक म्हणून आले. माणूस वाईट नव्हे, फक्त बायकोपेक्षा वेळापत्रकावर जास्त जीव. त्यांनी लायब्ररीचा तास उडवून तिथं स्कॉलरशिपचा सराव घातला. ऑफ तासालाही तोच सराव. बाई भांडायला गेल्या, तर म्हणाले, "मॅडम, शाळा सुटल्यावर उघडी ठेवा की. ज्याला वाचायचंय तो येईल. दिवाळीपर्यंत कुणी फिरकलं नाही, तर ती खोली आपण कॉम्प्युटरला देऊ."

बाई दार उघडून बसल्या. घंटा झाली की पोरं दारावरून सुसाट. पाचवीतली श्रेया तेवढी थबकली.

"मॅडम, मला यायचंय, पण रिक्षावाले काका सोडून जातात."

बाईंनी चपला पायात सरकवल्या नि फाटक गाठलं. स्टाफरूमच्या खिडकीत माना गोळा झाल्या. फुकटची लढाई कोण सोडतो?

पिशोरचा रामकिसन रिक्षाला टेकून हॉर्न बडवत होता.

"जरा थांबलात तर बिघडतं का हो?"

"मॅडम, पोरं सोडून मला वाळूजच्या शिफ्टची माणसं उचलायची असतात. तुमच्या बुकापायी म्या उपाशी मरू व्हय?"

"आणि घंटेच्या आधी तासभर लिंबाखाली पेंगता, ते?"

"मग काय भजन म्हणू?"

आता रंगणार, तोच बाईंनी आवाज खाली आणला. "काल कुणाशी भांडलात?"

रामकिसन गांगरला. "आं? सासऱ्याशी. रोजचंच हाय ते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच्या हातात एक जाडजूड रहस्यकथा ठेवली. पहिल्याच पानावर मामलेदाराचा सासरा गायब.

"सुरुवात तर झकास हाय," रामकिसन म्हणाला, आणि संपलाच म्हणायचा. लिंबाखाली तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे रिक्षावाले ऐकायचे. पुढं त्यांनाही दम निघेना, तेही बाईंकडून पुस्तकं नेऊ लागले. एक दिवस घंटा झाली, पोरं रिक्षात चढली, तर काका वर बघायला तयार नाही.

"दोन पानं ऱ्हायलीत. उतरा अन् खेळा जा तवर!"

पोरं उतरली ती थेट लायब्ररीत. दोन पानांची चार झाली, चाराची दहा. वाळूजचे लोक फोन करून थकले. पोरांच्या आयांनी मुख्याध्यापकांचा फोन तापवला. इंद्रजीत सर तरातरा फाटकावर आले, तर रिक्षांची रांग उभी आणि एकेका रिक्षात एकेक वाचक.

"हे काय चाललंय?"

"थांबा सर," रामकिसन मान न उचलता म्हणाला, "पोलीस आत्ताच आत शिरलेत."

सर तसेच लायब्ररीत. "मॅडम, आजपासून हे बंद! कायमचं!"

बाईंचा आवाज हलला नाही. "करा बंद. फक्त कुणी फिरकत नाही म्हणून बंद केली, असं लिहू नका. बघा जरा."

सरांनी बघितलं. बाकं भरलेली, खाली फरशीवर पोरं, खिडकीत पोरं. एकानंही त्यांना उठून नमस्कार केला नाही, हे सरांना जास्त लागलं म्हणतात.

"आणि यांना घरी कोण नेणार?"

"दिवसा वाचू दिलंत तर संध्याकाळी थांबतील कशाला?"

सरांनी घाम पुसला. आयांपुढं भल्याभल्यांचं वेळापत्रक टिकत नाही. प्रत्येक वर्गाला आठवड्यात एक तास मिळाला, मधल्या सुट्टीत लायब्ररी रोज उघडी. अट एकच, रिक्षावाल्यांना शाळेचं पुस्तक नाही. बाई हो म्हणाल्या.

बाईंनी हे आधीपासून ठरवून केलं होतं का, यावर स्टाफरूममध्ये अजून पैजा लागतात. विचारलं की त्या हसून डबा उघडतात.

रामकिसनला मात्र ती अट झोंबली. "मॅडम, ऐन वक्ताला? सासरा जित्ता हाय का मेला, येवढं तरी सांगा!"

"शेवट मी कुणालाच सांगत नसते."

सोमवारी पाचवीचा पहिला तास. श्रेया आणि तिच्या रिक्षातली पोरं आत आली नि त्याच पुस्तकावर तुटून पडली.

"अगं, फाटेल! एवढी घाई कसली?"

"काका म्हणाले, मधल्या सुट्टीत रोज पुढचं वाचायचं आणि जाताना सांगायचं. नाही सांगितलं तर पुढची सीट नाही!"

बाईंनी पुस्तक ओढून घेतलं, टेबलावर मधोमध उघडून ठेवलं आणि पोरांना खुर्च्या जवळ घ्यायला सांगितल्या.