दादाचा टॉप गिअर

ठाण्याच्या एका ट्यूनरने, म्हणजे गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्याने, मला फसवलं आणि त्याची शिक्षा माझा थोरला भाऊ भोगतोय.

दादाने तीस वर्षं कल्याण ते ठाणे एका कारखान्याची स्टाफबस चालवली. बसला कधी ओरखडा नाही. सगळ्यात कमी डिझेल जाळणारा ड्रायव्हर म्हणून कंपनीने त्याला दोनदा घड्याळ दिलं. निवृत्त झाल्यावर त्याने आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी घेतली, लिटरभराचं टर्बो पेट्रोल इंजिन असलेली. टर्बो म्हणजे काय, ते त्याने मला ठाकुर्लीला त्याच्या सोसायटीखाली उभं राहून समजावलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. बोलता बोलता बॉनेट पुसत होता. ते आधीच स्वच्छ होतं.

माझा धंदा ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा. शहाडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केला. पहिलं ड्रिल मशीन दादाने घेऊन दिलं होतं. ते सोडलं तर मी कोणाचं काही घेतलेलं नाही. म्हणून त्याच्यासाठी काही करायची वेळ आली की मला धीर धरवत नाही.

एकदा जेवताना तो सहज म्हणाला, की एसी लावून चार माणसं बसली की माळशेज चढताना गाडी दमते. तक्रार अशी नव्हतीच. पण ते माझ्या डोक्यात राहिलं. एका गिऱ्हाइकाने सांगितलं, ठाण्यात घोडबंदर रोडला एकजण लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून देतो. टर्बो जास्त दाब देतो, शंभर हॉर्सपॉवरच्या आसपासची ताकद सव्वाशेच्या पुढे जाते, आणि एक नट बदलावा लागत नाही. मी सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी मागून घेतली. दादाला सांगायचं नाही, घाटात त्याचं त्यालाच कळू दे, असं मनाशी ठरवलं.

ट्यूनर तिशीतला, गोड बोलणारा. फाइल, नवे प्लग आणि अर्ध्या दिवसाची रोड रन, म्हणजे लॅपटॉप लावून रस्त्यावर फेरी, असा सगळा मिळून त्याने भाव सांगितला. मी घासाघीस केली. ती मी सगळीकडेच करतो, लग्नाच्या हॉलमध्ये करतो, दवाखान्यातही करतो. उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. तिसऱ्यांदा दारात पोचलो तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे काका, रोड रन काढून टाकू. फाइल तशीही टेस्टेड आहे."

जिंकलो असं वाटलं. पण इथेच माझं त्याच्याशी भांडण आहे. माझ्याकडे गिऱ्हाईक अडून बसलं की मीही भाव उतरवतो. मात्र पातळ पट्टी लावणार असेन तर तोंडावर सांगतो, की ताई, ही पातळ आहे, दहाव्या मजल्यावर वाऱ्याने हलेल. मग घ्यायची की नाही ते तिने ठरवावं. ह्या माणसाने रोड रन कशासाठी असते तेच सांगितलं नाही. गाडी कोण चालवतं एवढंही विचारलं नाही.

परत येताना बायपासला गाडी अशी सुटली की मी एकटाच हसलो. दोन दिवसांनी दादाचा फोन आला. "सर्व्हिसिंग मस्त केलंय रे. पाचव्यात चाळीसलासुद्धा ओढते." मला इतका आनंद झाला, की त्या वाक्यात काय आहे हे कळलंच नाही.

दादाची सवय बसवरची. इंजिन ओरडू द्यायचं नाही, होईल तितक्या लवकर टॉप गिअर टाकायचा. त्या सवयीनेच तर डिझेल वाचलं होतं. आणि फाइल बदललेल्या लहान टर्बो इंजिनाला नेमकं तेच सोसत नाही. वेग कमी, गिअर वरचा, पाय दाबलेला, त्यात टर्बोचा वाढवलेला दाब. आतलं पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि पिस्टनवर घाव बसतो. हे सगळं मला नंतर कळलं.

दादा, वहिनी आणि दोन नातवंडं वहिनीच्या माहेरी निघाली होती. निम्मा माळशेज चढल्यावर इंजिनातून ठक्क असा आवाज आला, गाडी थरथरली आणि वळणावर बंद पडली. टोईंगवाला येईपर्यंत दोन तास दोघं पोरांना घेऊन कठड्याशी बसून होती.

कल्याणच्या मेकॅनिकने इंजिन खोललं. एका पिस्टनची कडा तुटलेली. फाइलचं त्याला काही माहीत नव्हतं. त्याने विचारलं, "आजोबा, वरच्या गिअरमध्ये घाट चढवत होता का?" दादाने मान हलवली. मेकॅनिक म्हणाला, मग असंच होणार. आजूबाजूला चार पोरं उभी होती, त्यातलं एक हसलं. तीस वर्षं बस चालवलेला माणूस हातातला तो तुकडा उलटासुलटा करून बघत राहिला. मी शेजारी उभा होतो. एरवी रस्त्यावर कोणाशीही भांडणारा मी, तिथे तोंड उघडलं नाही.

दुपारीच ट्यूनरकडे गेलो. खूप आरडाओरडा केला, त्याची खुर्ची लाथाडली. तो शांतपणे म्हणाला, "रोड रन तुम्हीच काढायला लावलीत, काका. नेहमीच्या ड्रायव्हरला बसवून बघतो मी. तो कमी वेगात वरच्या गिअरवर ओढणारा असेल तर तिथला दाब कमी ठेवतो."

"मग हे त्या दिवशी का नाही बोललास?"

"तुम्ही दारात उभे होतात."

पैसे परत द्यायला निघाला होता. मी तसेच टेबलावर सोडून आलो.

इंजिन माझ्या खर्चाने बांधून घेतलं, मूळ फाइल परत टाकून घेतली. मग दादाला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. फाइल बदलायच्या आधी दोन वर्षं तू अशीच चालवत होतास, तेव्हा काही झालं का, असंही विचारलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "तुझा जन्म गिऱ्हाईक पटवण्यात गेला. मला नको रे पटवूस. गिअर माझाच चुकला."

त्याला वाटतंय मी त्याला बरं वाटावं म्हणून गोष्ट रचली.

गाडीवर कव्हर आहे. दादा भाजी आणायलासुद्धा रिक्षाने जातो. लग्नाकार्याला ड्रायव्हर बोलावतो आणि स्वतः मागे बसतो, खिडकीबाहेर बघत. वहिनी सांगते, नातवाने गाडी काढायचा हट्ट धरला तर म्हणतो, आजोबांचा हात गेला आता.

दादाला खरं काय ते सांग म्हणून मी ट्यूनरला तीनदा फोन केला. तो म्हणतो, असं काही लिहून देता येणार नाही. मला कागद नको, भरपाई नको. माझा वाटा मी दादासमोर कबूल केलाय, आणि माझ्या तोंडून त्याला तो खरा वाटत नाही. म्हणून ट्यूनरला माझं एवढंच सांगणं आहे: तुझ्या तोंडून वाटेल. लॅपटॉप घेऊन ठाकुर्लीला ये. आधीची फाइल दाखव, तुझी दाखव, खालच्या वेगाला दाब किती वाढवला होतास ते बोट ठेवून दाखव. आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांग, की ही गाडी कोण चालवतं, हे तू का विचारलं नाहीस?