बुंदीच्या नाकाला अंगारा

हा अनुभव लिहावा की नाही, यावर मी बरेच दिवस अडलो होतो. सद्गुरूंच्या कृपेचे अनुभव लोक आनंदाने सांगतात. माझ्याही अनुभवात कृपा आहे, पण ती आठवली की आधी स्वतःचीच चीड येते.

लेक मेडिकलच्या परीक्षेच्या तयारीला लातूरच्या वसतिगृहात गेली आणि तिची बुंदी नांदेडला माझ्या गळ्यात पडली. बुंदी म्हणजे गिनी पिग, वीतभर लांबीचा, बिनशेपटीचा केसाळ जीव. "उंदरं पाळून राहिलीस का?" म्हणून मी आधी लेकीची टर उडवायचो. पण बायको गेलेली, लेक लांब. कोथिंबिरीची जुडी सोडायला घेतली की शिट्ट्या मारणारं घरात तेवढंच कुणी होतं. जीव लागला. लेक जाताना एवढंच म्हणाली होती, "पप्पा, हिला सांभाळा."

दिवाळीनंतर बुंदीच्या श्वासात घरघर सुरू झाली. नांदेडच्या डॉक्टरांनी औषध दिलं. आठ दिवस बरं, की पुन्हा तेच. लेकीला फोनवर मात्र "बुंदी मजेत आहे" असंच सांगायचो. मी वीस वर्षं मठात जाणारा माणूस. रोज पूजेनंतर अंगाऱ्याची चिमूट तिच्या नाकाला लावू लागलो, कारण दुखणं तिथंच होतं. थोडा तिच्या अंथरुणातल्या गवतावर टाकायचो. घरघर वाढली तसा मीही अंगारा वाढवला. आणि डॉक्टरांकडे जायच्या आधी ओल्या रुमालाने तिचं नाक स्वच्छ पुसायचो. शिकलेला माणूस हसेल याची लाज वाटायची. "घरात धूळ, धूर काही?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. अंगाऱ्याला धूळ म्हणायला माझी जीभ वळली नसती.

असे तीन महिने गेले. मग एका सकाळी तिने कोथिंबिरीकडे पाहिलंसुद्धा नाही. लातूरला लहान जनावरं बघणारे डॉक्टर आहेत असं कळलं होतं. पूजा उरकली, अंगारा लावला आणि टोपली मांडीवर घेऊन एसटीत बसलो. लोह्याच्या पुढे ती तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. वाटेत नामस्मरण केलं असं लिहिलं तर खोटं होईल. मी सद्गुरूंशी भांडत होतो. एवढी सेवा केली, एवढासा जीव वाचवता येईना का तुम्हाला, असं मनात म्हणत होतो.

दवाखान्याच्या ओट्यावर बसलो तेव्हा लक्षात आलं, रुमाल बसमध्येच राहिला. शेजारी एक बाई पोट फुगलेली शेळी घेऊन बसली होती. तिने टोपलीत वाकून पाहिलं.

"दादा, काय लावलंय हिच्या नाकाला?"

"अंगारा हाय, मावशी."

"अंगारा कपाळाला लावतेत की. नाकात राख गेल्यावर माणसाला तरी दम घेता येईल का?"

"तुम्ही तुमची शेळी बघा," मी म्हणालो.

ती रागावली नाही. नळावर पदराचं टोक भिजवून आणलं आणि हलक्या हाताने बुंदीचं नाक पुसलं. माझा नंबर आला तेव्हा दारातूनच डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, हिच्या नाकात रोज राख जाऊन राहिली, ते बघा."

डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी इंजेक्शन दिलं, औषधाची वाफ दिली आणि सांगितलं की बारीक राख रोज आत जात असल्यावर औषध लागू कसं पडणार? जीव वाचेल, पण फुफ्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत, घरघर कायमची राहील. बाहेर आलो तर ती बाई निघून गेली होती. ती कोण, कशी नेमकी तिथं बसली, याचा अर्थ मी लावत बसत नाही. तिचं नाव विचारायचं राहिलं आणि माफी मागायचीही राहिली.

शरण जाणं म्हणजे आपला हट्ट देवापुढे ठेवून तोच पुरवून घेणं, असं मी वीस वर्षं समजत आलो. नांदेडच्या डॉक्टरांच्या तोंडून बहुधा सद्गुरूच मला विचारत होते, आणि मी त्यांच्याशी दोनदा खोटं बोललो. तरी तिसऱ्यांदा त्यांनी शेळीवाल्या बाईच्या तोंडून विचारलं, याबद्दल मी ऋणी आहे. आता पूजेला बसतो तेव्हा काही मागत नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून थेट वसतिगृहाच्या फाटकावर गेलो. लेकीला सगळं सांगितलं, नाक पुसून नेण्याचंही. वाटलं, आता ही मला तोडून बोलेल. बोलायलाच हवं होतं. तिने टोपलीत हात घालून बुंदीची पाठ कुरवाळली, बराच वेळ ती घरघर ऐकली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही तिच्यासाठीच करत होता ना."

देवाची क्षमा कशी असते मला ठाऊक नाही. ती अशीच असेल, तर ती घ्यायचं बळ माझ्यात अजून आलेलं नाही.