इंदूवन्संची बोली

कराडहून शेजारणीचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या घरात मेथी निवडत बसले होते. "आवं, इंदूबाईंचं कुलूप कालपास्नं निघालं न्हाई. मोबाईल आत वाजतोय नुसता." इंदूवन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि कराडला स्टँडच्या मागं दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मोबाईल घरात विसरून जायची त्यांची खोड सगळ्यांना ठाऊक, पण कुलूप? ह्यांचा चेहरा बघितला आणि हातातली जुडी हातातच राहिली... शोधत शोधत आम्ही सांगलीला पोचलो. तिथल्या स्टँडच्या बाकावर बसल्या बसल्या गेल्या होत्या म्हणे. दवाखान्यात त्यांच्या पायाला चिठ्ठी बांधलेली. तिच्यावर आधी कुणा सुमनचं नाव लिहून खोडलेलं आणि खाली एकच शब्द, बेवारस. जो शब्द ऐकला की ही बाई चवताळून उठायची, तोच तिच्या पायाला...

त्यांचं आणि त्या शब्दाचं वैर लिलावातलं. एसटीत माणसं काय काय विसरतात, आणि बरेच दिवस कुणी मागायला आलं नाही की त्या सामानाचा लिलाव होतो. छत्र्या, डबे, काठ्या, पिशव्या. निवृत्त झाल्यावर वन्सं एकदा सहज डोकावल्या आणि पुढं सवयच लागली. एकदा मीही गेले होते सोबत. पुकारणाऱ्यानं काळी छत्री उंच धरली, "बेवारस छत्री, बोला!" वन्सं ताडकन उठल्या, "बेवारस काय म्हणता? विसरलेली म्हणा." सगळे फिदीफिदी हसले. भंगारवाले दोघंतिघं बोलले, वन्संनी त्यांच्यावर बोली चढवली आणि सगळे गप्प झाले. "एकवार... दोनवार..." पुकारणारा थांबला. आता छत्री त्यांचीच होती हो, नुसतं गप्प बसायचं होतं! पण ती शांतता त्यांना सोसेना. त्यांनी पुन्हा बोली चढवली, स्वतःच्याच बोलीवर.

"आवं बाई, तुमच्यावर तुमीच चढताय की!" एक म्हातारा भंगारवाला म्हणाला.

"गप रं गड्या," शेजारच्यानं त्याला ढोसलं. "चढू दे की. फुकटचा तमाशा हाय."

तिथंच भंगारवाल्यांनी वन्संचं मर्म ओळखलं. मुद्दाम गप्प बसायचे, पुकारणाराही 'दोनवार' लांबवायचा... एक काडी मोडलेली ती छत्री नव्या छत्रीच्या दुपटीनं घरी आली. वाटेत मी चिडले, "वन्सं, पेन्शन उधळताय तुमी." तर म्हणाल्या, "वहिनी, कुणाच्या तरी घरातली वस्तू ती. 'तीनवार' होऊन पडत्या भावात गेली तर त्या माणसाला काय वाटंल?" "त्याला कुठं कळतंय?" "मला कळतंय ना."

हळूहळू त्या दोन खोल्या भरल्या. खरं सांगते, मला तिथं तिन्हीसांजेला बसवत नसे. भिंतीला परक्यांच्या काठ्या, फळीवर परक्यांचे चष्मे, खुंट्यांवर पिशव्या, आणि माणूस एकही नाही. जणू सगळे आत्ताच कुठंतरी गेलेत आणि आपण त्यांच्या घरात बसलोय. कुठल्याही वस्तूवरचं नाव त्या पुसत नसत. डब्यावर कोरलेलं असो की छत्रीच्या दांड्यावर रंगवलेलं. मालक ओळखायला आला तर? आला मात्र कधीच कुणी नाही.

त्यातलीच एक खाकी कापडाची पिशवी त्यांना फार आवडली. लाल दोऱ्यानं टाके घालून तिच्यावर सुमन हे नाव, फलटण आणि गल्लीसुद्धा भरलेली. पत्ता दिसला तसं वन्संनी तिथं पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. मग तीच खांद्याला लावून हिंडू लागल्या. संक्रांतीला मी म्हटलंच, "वन्सं, ते नाव उसवा. परक्या नावानं हिंडू नये माणसानं." त्या हसल्या. "हिंडले तरच कुणीतरी वाचंल की, वहिनी!"

वाचलं. पोलिसांनी वाचलं. सांगलीच्या लिलावाला गेलेल्या वन्संच्या खांद्याला तीच पिशवी होती, तिच्यावरून त्यांनी सुमनच गेली म्हणून फलटणला कळवलं. सुमनबाई लेकीकडं गेलेल्या, फोन लागत नव्हता. घरात रडारड झाली. मुलगा धावत सांगलीला आला, चादर बाजूला केली आणि म्हणाला, "ही आमची आई न्हाई." तेव्हा ते नाव खोडलं, आणि खाली तो शब्द आला.

तेरावा झाला. खोल्या रिकाम्या करायच्या म्हणून मी कराडला गेले, तर दुपारी दारात एक बाई उभी. माझ्याच वयाची, हातात हिरवा चुडा. "मी फलटणची सुमन," म्हणाली. पत्ता तिनं पोलिसांकडून काढलेला. पाणी दिलं. ती आत आली, पण बसली नाही. काठ्यांकडं, चष्म्यांकडं बघत भिंतीपासून लांब उभी राहिली. वन्संनी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो मालक पहिल्यांदा त्या घरात आला होता, आणि त्या नव्हत्या. मी पिशवी पुढं केली. "घ्या, तुमचीच आहे." ती एक पाऊल मागं सरली.

"नगं बाई. माज्या नावानं माजी माणसं रडली. माजं नाव तेवडं काडून द्या."

मी सुई घेऊन उंबऱ्यावर बसले आणि एकेक टाका उसवत गेले. ती समोर उभी राहून बघत होती. शेवटचा दोरा निघाला तसा तिनं सगळा लाल गुंता मुठीत घेतला, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि मागं वळून न बघता स्टँडकडं निघून गेली.

पिशवी आता साताऱ्याला माझ्याकडं आहे. तिच्यावर वन्संचं नाव भरायचं म्हणून मी लाल दोराही आणला. पण दोरे निघाले तरी सुईची भोकं बुजली नाहीत. खिडकीपाशी धरलं की उजेड त्यातून आत येतो, आणि सुमनचं नाव अजून स्पष्ट वाचता येतं...